सुताराच्या पोराने फ्रान्सच्या नौदलाला वेळ दाखवली, पण ती घड्याळं नक्की कुणाच्या डोक्यातली होती?

साल होतं 1754. पॅरिसच्या रॉयल ॲकॅडमी ऑफ सायन्सेसमध्ये 27 वर्षांच्या एका तरुणाने एक सीलबंद पाकीट जमा केलं. त्या काळी ही पद्धतच होती. एखादी कल्पना सुचली, पण ती अजून प्रत्यक्षात उतरलेली नाही आणि दुसऱ्या कुणी ढापू नये असंही वाटतंय, तर ती कागदावर लिहायची, पाकीट बंद करायचं आणि ॲकॅडमीच्या ताब्यात द्यायचं. पुढे वाद झालाच तर आपण पहिले होतो याचा पुरावा तयार.

या पाकिटात होता समुद्रावर वेळ मोजणाऱ्या एका यंत्राचा आराखडा.

तरुणाचं नाव होतं फर्दिनां बर्तू. पुढे तो फ्रान्सच्या राजाचा आणि नौदलाचा अधिकृत घड्याळकार झाला. त्याची घड्याळं घेऊन फ्रेंच जहाजं जगभर फिरली. गंमत अशी, की कल्पना चोरीला जाऊ नये म्हणून पाकीट बंद करणाऱ्या याच माणसावर पुढे दुसऱ्यांच्या कल्पना वापरल्याचा ठपका आला. त्यात तथ्य किती होतं, हे समजून घ्यायचं तर गोष्ट सुरुवातीपासूनच बघावी लागेल.

समुद्र नाही, तरी समुद्राचं घड्याळ

बर्तूचा जन्म 18 मार्च 1727 चा. गाव प्लांसमों. कुवे नावाच्या मोठ्या गावाला लागून असलेली ही छोटी वस्ती, जुरा डोंगरांतल्या व्हाल-द-त्राव्हेर खोऱ्यात. हा सगळा भाग न्यूशातेलचा. आज न्यूशातेल स्वित्झर्लंडचं एक राज्य आहे, पण तेव्हा तिथे प्रशियाच्या राजाची सत्ता होती. न्यूशातेल स्वित्झर्लंडमध्ये सामील झालं ते 1815 मध्ये, म्हणजे बर्तू गेल्यावर आठ वर्षांनी.

वडील ज्यां बर्तू सुतारकाम आणि घरबांधणी करायचे. गावात त्यांना मान होता, पण घर काही श्रीमंत नव्हतं. जवळपास समुद्रही नाही. चारी बाजूंनी डोंगर आणि हिवाळ्यात गुडघाभर बर्फ. अशा डोंगराळ भागात घड्याळाच्या धंद्याने तेव्हा नुकतं बाळसं धरलं होतं.

फर्दिनांचा थोरला भाऊ ज्यां-आंरी कुवेमध्ये घड्याळं बनवायचा. 1741 मध्ये, वयाच्या चौदाव्या वर्षी, फर्दिनां त्याच्याच हाताखाली शिकायला लागला. चार वर्षांनी काम शिकल्याचा दाखला हातात पडला आणि अठरा वर्षांच्या या पोराने थेट पॅरिस गाठलं.

पॅरिसमध्ये उपरा

पॅरिस म्हणजे तेव्हाच्या घड्याळधंद्याची राजधानी. पण तिथे कुणीही उठून दुकान टाकू शकत नव्हतं. घड्याळकारांचा संघ होता, त्याचे कडक नियम होते आणि उस्ताद म्हणून मान्यता मिळाल्याशिवाय स्वतःच्या नावाने धंदा करता येत नव्हता. बर्तू बाहेरचा, त्याच्यामागे ना घराणं ना ओळख.

त्याने दुसरा रस्ता धरला. 1752 मध्ये त्याने एक खास घड्याळ बनवून ॲकॅडमीसमोर ठेवलं. सूर्य दाखवतो ती वेळ आणि घड्याळ दाखवतं ती वेळ यांत वर्षभर थोडाथोडा फरक पडत राहतो. बर्तूचं घड्याळ हा फरकही दाखवायचं. ॲकॅडमीतल्या विद्वानांच्या नजरेत तो भरला आणि 1753 मध्ये राजाच्या परिषदेच्या हुकमाने त्याला उस्तादपद मिळालं. संघाचे नेहमीचे नियम बाजूला ठेवून.

पुढे दिदरो आणि दालांबेर यांच्या गाजलेल्या विश्वकोशासाठी त्याने घड्याळशास्त्रावरचे लेख लिहिले. 1759 मध्ये सामान्य लोकांसाठी घड्याळ कसं वापरावं आणि कसं लावावं याचं पुस्तक काढलं. 1763 मध्ये घड्याळकलेवरचा दोन खंडांचा ग्रंथ आला. त्या काळी बहुतेक कारागीर आपली विद्या मुठीत झाकून ठेवायचे. बर्तू मात्र लिहून मोकळा व्हायचा. ही सवय पुढच्या गोष्टीत महत्त्वाची आहे.

घड्याळाचा आणि नकाशाचा संबंध काय?

आता तुम्ही म्हणाल, जहाजाला एवढं घड्याळाचं काय पडलं होतं?

पृथ्वी 24 तासांत 360 अंश फिरते. म्हणजे एका तासात 15 अंश, चार मिनिटांत एक अंश. मुंबई आणि कोलकाता यांच्या रेखांशांत साधारण साडेपंधरा अंशांचा फरक आहे. म्हणून कोलकात्यात सूर्य डोक्यावर येतो तो मुंबईच्या तासभर आधी.

हेच गणित उलटं करा. जहाजावर सूर्य डोक्यावर आला, म्हणजे तिथे दुपारचे बारा वाजले. त्याच क्षणी आपण निघालो त्या बंदरात किती वाजलेत हे कळलं, तर दोन वेळांमधल्या फरकावरून आपण पूर्वेला किंवा पश्चिमेला किती अंश आलोय हे लगेच काढता येतं. उत्तर-दक्षिण शोधणं तुलनेने सोपं होतं, सूर्य किंवा ध्रुवतारा क्षितिजापासून किती वर आहे ते मोजलं की झालं. घोडं अडत होतं ते पूर्व-पश्चिमेला.

त्यासाठी बंदरातली वेळ महिनोन्महिने अचूक सांभाळणारं घड्याळ हवं होतं आणि तसं घड्याळ कुणाकडेच नव्हतं. लंबकाचं घड्याळ हलत्या जहाजावर चालत नाही. साधं स्प्रिंगचं घड्याळ गरमीत मागे पडतं आणि थंडीत पुढे पळतं, कारण तापल्यावर स्प्रिंगचा ताण कमी होतो. वंगणाचं तेल घट्ट होतं, खारी हवा लोखंडाला गंज चढवते. आणि चूक परवडणारी नव्हती. घड्याळ फक्त एक मिनिट चुकलं, तरी विषुववृत्तावर जहाजाची जागा जवळपास 28 किलोमीटरने चुकते.

याची किंमत माणसं जिवाने मोजत होती. 1707 मध्ये इंग्लंडच्या आरमाराची चार जहाजं आपली जागा चुकल्यामुळे सिली बेटांजवळच्या खडकांवर आदळली. हजाराहून जास्त खलाशी बुडाले. त्यानंतर 1714 मध्ये ब्रिटिश संसदेने रेखांश शोधण्याच्या पद्धतीसाठी बक्षीस जाहीर केलं. वेस्ट इंडीजपर्यंतच्या प्रवासात चूक अर्ध्या अंशाच्या आत ठेवणाऱ्याला 20 हजार पौंड. अर्धा अंश म्हणजे घड्याळाची फक्त दोन मिनिटं, तीही कित्येक आठवड्यांच्या प्रवासानंतर.

लंडनची वारी

हे कोडं सोडवण्यात सगळ्यात पुढे होता इंग्लंडचा जॉन हॅरिसन. तोही सुताराचाच मुलगा. त्याचं चौथं घड्याळ, ज्याला आज एच-4 म्हणतात, 1761 मध्ये जमैकाच्या प्रवासाला निघालं आणि तिथे पोहोचेपर्यंत फक्त काही सेकंद मागे पडलं.

इकडे बर्तूने आपलं पहिलं सागरी घड्याळ 1761 पर्यंत तयार केलं होतं. ते अवजड होतं आणि त्याचं समाधान होईना. 1763 मध्ये इंग्लंड आणि फ्रान्समधलं सात वर्षांचं युद्ध संपलं आणि त्याच वर्षी फ्रान्सने हॅरिसनची यंत्रं बघायला माणसं लंडनला धाडली. गणितज्ञ कामू, खगोलशास्त्रज्ञ लालांद आणि त्यांच्यासोबत बर्तू.

हॅरिसनने पाहुण्यांना पहिली तीन घड्याळं दाखवली. चौथं मात्र दाखवलं नाही. बर्तू रिकाम्या हाताने परतला असंही नाही. 1764 मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने त्याला परदेशी सदस्य करून घेतलं. त्याच वर्षी त्याच्या तिसऱ्या सागरी घड्याळाची ब्रेस्ट बंदरातून समुद्रावर चाचणी झाली, पण निकाल मनासारखा लागला नाही.

1766 मध्ये तो पुन्हा लंडनला गेला. या वेळी हॅरिसनने गुपित सांगायचे 4000 पौंड मागितले. एवढे पैसे द्यायची फ्रान्सची तयारी नव्हती. व्यवहार फिसकटला.

इथे गोष्टीत येतो थॉमस मज, लंडनचा नावाजलेला घड्याळकार. आदल्या वर्षी हॅरिसनने एच-4 उघडून ज्या समितीला समजावून सांगितलं होतं, त्या समितीत मज होता. बर्तूची आणि त्याची भेट झाली आणि मजने आत काय आहे हे त्याला सांगून टाकलं. बोभाटा झाल्यावर मजचा बचाव असा होता की ही माहिती पसरावी अशीच सरकारी मंडळाची इच्छा आहे, असं त्याला वाटलं.

मग हे गुपित चोरणं झालं का? हॅरिसनच्या बाजूने बघितलं तर हो. आयुष्यभराच्या कष्टांचं फळ परक्या देशातला स्पर्धक जेवणाखाण्याच्या गप्पांतून घेऊन गेला, असं त्याला वाटणं साहजिक आहे. त्याला स्वतःला बक्षिसाचे पैसे पूर्ण मिळायचे बाकी होते. पण दुसऱ्याच वर्षी, 1767 मध्ये, ब्रिटिश मंडळाने स्वतःच एच-4 ची माहिती छापली आणि ते गुपित राहिलंच नाही. शिवाय बर्तूने पुढे जी घड्याळं बनवली, ती एच-4 ची नक्कल नव्हती. त्याची यंत्रणा वेगळ्या वाटेने गेलेली होती.

आठ नंबरचं घड्याळ

लंडनहून आल्यावर फ्रेंच नौदलाने बर्तूला दोन सागरी घड्याळांचं काम दिलं. हीच त्याची 6 नंबर आणि 8 नंबरची घड्याळं.

घर्षण कमी करण्यासाठी त्याने घड्याळाच्या मुख्य फिरत्या चाकाचा आस छोट्या रुळांवर टेकवला. तापमानाचा प्रश्न सोडवायला पितळ आणि पोलाद यांच्या कांड्या शेजारी शेजारी बसवल्या. दोन्ही धातू तापल्यावर वेगवेगळ्या प्रमाणात लांबतात. या फरकाने एक पट्टी सरकते आणि स्प्रिंगची कामात असलेली लांबी आपोआप कमी-जास्त होते. गरमीने घड्याळ मागे पडायला लागलं, की कांड्या त्याला पुढे ढकलतात. माणसाने हात लावायची गरज नाही.

1768 च्या शेवटी ही दोन्ही घड्याळं इझिस नावाच्या जहाजावर चढली. मोहिमेचा प्रमुख होता नौदल अधिकारी फ्लरिओ, ज्याने स्वतः बर्तूकडे घड्याळविद्येचे धडे घेतले होते. जहाज आफ्रिकेचा किनारा, कॅरिबियन बेटं असं करत अटलांटिक ओलांडून वर्षभराने परत आलं. घड्याळं पास झाली, त्यातही 8 नंबर.

एप्रिल 1770 मध्ये बर्तूला राजाचा आणि नौदलाचा यंत्रकार-घड्याळकार ही पदवी मिळाली. सोबत वर्षाला 3000 लिव्र मानधन आणि 20 सागरी घड्याळांची ऑर्डर. कुवेच्या डोंगरातून आलेला पोरगा आता फ्रान्सच्या नौदलाची वेळ सांभाळणार होता.

आणि ल रुआ?

इथे गोष्ट संपली असती तर ती सरळ यशोगाथा झाली असती. पण पॅरिसमध्ये अजून एक माणूस होता.

पिएर ल रुआ. बर्तूपेक्षा दहा वर्षांनी मोठा. वडील ज्युलियँ ल रुआ राजाचे घड्याळकार, म्हणजे घराणं आणि नाव दोन्ही जन्मापासून. 1748 मध्येच त्याने घड्याळाची एक नवी यंत्रणा ॲकॅडमीला दाखवली होती. घड्याळात दाते मोजून सोडणारा एक भाग असतो. जुन्या घड्याळांत हा भाग मुख्य चाकाला सतत घासत राहायचा. ल रुआची युक्ती अशी, की चाकाला एका झोक्यात क्षणभरच धक्का द्यायचा आणि बाकी वेळ त्याला मोकळं सोडायचं. घर्षण कमी, म्हणून चूक कमी.

1766 मध्ये त्याने राजा पंधराव्या लुईसमोर आपलं सागरी घड्याळ ठेवलं. त्यात या युक्तीसोबत अजून दोन गोष्टी होत्या. एक म्हणजे तापमानाची भरपाई त्याने स्प्रिंगवर न करता थेट मुख्य चाकातच केली. दुसरी म्हणजे स्प्रिंगची नेमकी लांबी निवडली की चाकाचा झोका लहान असो वा मोठा, वेळ सारखाच लागतो हे त्याने ओळखलं. पुढची जवळपास दोनशे वर्षं जहाजांवर जे क्रोनोमीटर वापरले गेले, त्यांचा पाया याच तीन कल्पना आहेत.

1769 मध्ये ॲकॅडमीचं बक्षीस ल रुआला मिळालं. पण पुढच्याच वर्षी राजाची पदवी, मानधन आणि ऑर्डर मिळाली ती बर्तूला.

मग व्हायचं तेच झालं. दोघांनी एकमेकांविरुद्ध छापील पुस्तिका काढल्या. आधी कोण, नंतर कोण, कुणाची चाचणी खरी आणि कुणाच्या चाचणीचा अधिकारी कुणाचा शिष्य, सगळं चव्हाट्यावर आलं. 1771-72 मध्ये फ्लोर जहाजावर दोघांचीही घड्याळं एकत्र पाठवण्यात आली आणि दोघांचीही कामगिरी चांगली ठरली. पण वाद मिटला नाही. ल रुआ हळूहळू या कामातून बाजूला झाला आणि 1785 मध्ये वारला.

आज घड्याळांच्या इतिहासाचे बरेच अभ्यासक मान्य करतात, की मूळ कल्पनांच्या बाबतीत ल रुआ बर्तूच्या पुढे होता. मग इतिहासात बर्तू का उरला?

एक घड्याळ आणि वीस घड्याळं

याचं उत्तर त्या 20 घड्याळांच्या ऑर्डरमध्ये आहे.

एक अफलातून घड्याळ बनवणं ही एक गोष्ट. दर वर्षी, प्रत्येक जहाजाला पुरतील अशी, दुसऱ्या कारागिरालाही बनवता आणि दुरुस्त करता येतील अशी घड्याळं बनवणं ही वेगळी गोष्ट. बर्तू ते काम तीसेक वर्षं करत राहिला. नंबर वाढत गेले, घड्याळं लहान आणि सुटसुटीत होत गेली. जुनी रचना चुकली असं वाटलं की तो ती टाकून नवी करायचा. ल रुआने मांडलेल्या प्रकारची, चाकाला मोकळं सोडणारी यंत्रणाही पुढे त्याच्या घड्याळांत आली.

आणि तो लिहीत राहिला. 1773 मध्ये सागरी घड्याळांवरचा जाडजूड ग्रंथ आला, नकाशासारख्या बारीक आकृत्यांसह. दोन वर्षांनी घड्याळ वापरून रेखांश कसा काढायचा, हे दर्यावर्द्यांना समजावणारं पुस्तक आलं. 1792 मध्ये रेखांश मोजणाऱ्या छोट्या घड्याळांवर आणि 1802 मध्ये वेळ मोजण्याच्या संपूर्ण इतिहासावर. ही पुस्तकं वाचून परक्या देशातल्या कारागिरालाही त्याचं घड्याळ बनवता आलं असतं. दुसऱ्यांचं गुपित काढायला लंडनला गेलेल्या माणसाने स्वतःचं गुपित मात्र ठेवलं नाही.

1785 च्या ऑगस्टमध्ये ला पेरूज या कप्तानाची मोठी मोहीम ब्रेस्टहून निघाली. बुसोल आणि अ‍ॅस्त्रोलाब अशी दोन जहाजं, सोबत बर्तूची घड्याळं. दक्षिण अमेरिका, अलास्का, जपानजवळचा समुद्र असं करत जहाजं 1788 मध्ये ऑस्ट्रेलियाला पोहोचली. तिथून मार्चमध्ये निघाली आणि गायब झाली. कित्येक वर्षांनी प्रशांत महासागरातल्या व्हानिकोरो बेटाजवळ त्यांचे अवशेष सापडले. आपण कुठे आहोत हे घड्याळ सांगू शकत होतं. नकाशावर नसलेला खडक दाखवणं त्याच्या हातात नव्हतं.

राजा गेला, घड्याळकार राहिला

1789 मध्ये फ्रेंच राज्यक्रांती झाली. राजा गेला आणि महागडी घड्याळं घेणारे सरदार-दरकदारही गेले. राजाची पदवी लावणाऱ्या माणसासाठी हा काळ धोक्याचा होता. पण नौदलाला घड्याळं लागतच होती. 1795 मध्ये क्रांतीनंतरच्या सरकारने राष्ट्रीय विद्वत्संस्था स्थापन केली, तेव्हा बर्तूला तिचं सदस्य केलं गेलं. 1804 मध्ये नेपोलियनच्या राजवटीत त्याला लीजन ऑफ ऑनर हा किताब मिळाला.

दोन लग्नं झाली, पण मूलबाळ नव्हतं. गावाकडून आलेला पुतण्या लुई त्याच्या तालमीत तयार झाला होता. फ्रेंच नौदलासाठी क्रोनोमीटर बनवण्याचं काम पुढे लुईने नेलं.

20 जून 1807 रोजी पॅरिसजवळच्या ग्रोले गावात बर्तूचं निधन झालं. वय 80. त्याची बरीच घड्याळं आणि हत्यारं आज पॅरिसच्या कला आणि हस्तव्यवसाय संग्रहालयात बघायला मिळतात.

न्यूशातेलहून थेट अंतराळात

बर्तूचं नाव नंतर जवळपास विस्मरणात गेलं होतं. 2006 मध्ये शोपार्ड या स्विस घड्याळ कंपनीने त्या नावाचे हक्क घेतले आणि 2015 मध्ये फर्दिनां बर्तू नावाने पहिलं मनगटी घड्याळ आणलं. ही घड्याळं बनतात फ्लरिए गावात, म्हणजे बर्तूच्या जन्मगावाच्या त्याच खोऱ्यात.

पण त्याचं खरं काम आजही दुसरीकडेच चालू आहे. मोबाइलच्या मॅपवर दिसणारा निळा ठिपका घड्याळांवरच चालतो. उपग्रहांतली अणुघड्याळं वेळ पाठवतात आणि त्या वेळांमधल्या फरकावरून फोन आपली जागा काढतो. तत्त्व तेच, वेळेवरून ठिकाण.

भारताच्या नाविक या दिशादर्शक प्रणालीच्या पहिल्या उपग्रहांमध्ये जी रुबिडियम अणुघड्याळं बसवली होती, ती याच न्यूशातेल शहरातल्या एका कंपनीची होती. 2017 च्या सुरुवातीला बातमी आली की त्यातल्या पहिल्या उपग्रहाची तिन्ही घड्याळं बंद पडली आहेत. उपग्रह आकाशात होता, सिग्नल होता, पण अचूक वेळ नव्हती, म्हणून ठिकाण सांगायला तो निरुपयोगी झाला होता. मग इस्रोने अहमदाबादमध्ये स्वतःचं अणुघड्याळ बनवलं आणि ते मे 2023 मध्ये एनव्हीएस-01 या उपग्रहातून अवकाशात गेलं.

आपली जागा शोधायला दुसऱ्याच्या घड्याळावर अवलंबून राहायचं नाही, हे 1766 मध्ये फ्रान्सला वाटलं होतं. अडीचशे वर्षांनी भारतालाही तेच वाटलं.